अक्कांची खतपेटी

नव्वदीच्या सुरुवातीला बेंगळुरूत आमच्या शेजारी एक बाई राहायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या टाकाऊ फळ्या आणून त्या परसात स्वतः खताच्या पेट्या ठोकायच्या. बोलणं थोडं, त्यातही निम्मं कन्नड.

एकदा पाला उकरताना एका पेटीत धामणीची अंडी दिसली. शेजारी काठ्या घेऊन आले. अक्का पेटीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"स्वल्प थांबा. ऊब बघून घातलीत तिनं. आपण कशाला विस्कटायची?"

त्यांनी ती पेटी तशीच ठेवली आणि कचऱ्यासाठी दुसरी ठोकली.

पुढे एका सकाळी त्यांनी मला हळूच बोलावलं. फळ्यांच्या फटींतून पेन्सिलीएवढी बारीक पिल्लं एकामागून एक उन्हात येत होती. अक्का चपला काढून उभ्या होत्या. मीही काढल्या.