आवतन दिलेला बैल

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता विसरलो. पण सौंसरच्या भर बाजारातून एक लाकडी बैल नाहीसा झाला होता, ती गोष्ट अजून काल घडल्यासारखी आठवते. आठवली की आधी हसू येतं, मग थोडी लाज वाटते.

मी तेव्हा सौंसरला टीआय, म्हणजे ठाण्याचा प्रभारी होतो. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत आलेले नातेवाईक बाहेर उघड्यावर पडलेले असायचे. त्यांच्यासाठी निवारा बांधायचं गावातल्या काही मंडळींनी मनावर घेतलं. सुतारांकडून छातीएवढे उंच, चाकांचे लाकडी बैल करून घेतले. एकेका दुकानदाराने एकेका बैलाचा खर्च उचलला, एकेका चित्रकाराने तो रंगवला. बसस्टँडपासून बाजारापर्यंत दुकानांपुढे हे बैल मांडले आणि लोक बायकापोरांसह ते बघत हिंडू लागले. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल मिरवतात, त्या तान्ह्या पोळ्याला त्यांचा लिलाव करून ती रक्कम निवाऱ्याला द्यायची, असं ठरलं होतं.

मोठ्या पोळ्याच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कृषी केंद्राचे शेठ अर्ज घेऊन ठाण्यात आले. त्यांच्या दुकानापुढचा बैल गेला होता. संशय कोणावर, म्हणून विचारलं तर क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, पेंटरवर. बैल ज्याने रंगवला, त्याच्यावरच. त्याचं कारणही होतं. दुकानाचं नाव बैलाच्या पोटावर मोठ्या अक्षरांत यावं, असा शेठचा आग्रह होता. पेंटर म्हणाला, नाव खाली पाटीवर टाकतो, बैलाच्या अंगावर नाही. शब्दाने शब्द वाढला आणि पेंटर चारचौघांत बोलून गेला की असं असेल तर मी बैलच घेऊन जातो. ठाण्यासमोरच्या चहावाल्यानेही हळूच येऊन तेच सांगितलं. झालं! फिर्यादी आहे, कारण आहे, धमकी आहे. माझ्या डोक्यात गुन्हा तिथेच उघडकीस आला.

आमची अर्धी माणसं पांढुर्ण्याच्या जत्रेच्या बंदोबस्ताला गेली होती. रोजनामच्यात नोंद केली, एक हवालदार घेतला आणि जीप काढून थेट पेंटरच्या गल्लीत गेलो. तो दारापुढे पळसाच्या डहाळ्या लावत होता. पन्नाशीचा माणूस. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, फ्लेक्स आले आणि त्याचं काम बसलं. या बैलामुळे पुष्कळ वर्षांनी लोकांनी त्याचा हात पाहिला होता. तालुक्यातल्या अंगणवाड्या रंगवायचं काम त्यालाच द्यायचं, असं मंडळींच्या मनात होतं. हे मला ठाऊक होतं. चोरीचा गुन्हा नोंदला गेला तर ते काम गेलंच, हेही ठाऊक होतं. तरी सगळी गल्ली बघत असताना मी त्याला जीपमध्ये मागे बसवला.

ठाण्यात तासभर विचारपूस केली. आवाज चढवून पाहिला, गोड बोलून पाहिलं. अनुभव असा की चोर स्वतःची काळजी करतो. मी तिथे नव्हतोच, माझे साक्षीदार आहेत, असं न विचारता सांगत सुटतो. या गड्याने मलाच विचारलं,

"साहेब, ज्यानं नेला त्यानं सावलीत तरी ठेवला असन ना? शिंगायचा रंग अजून कच्चा हाये."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण हट्ट मोठा वाईट. मी म्हटलं, बैलापाशी आणखी कोण यायचं ते सांग. तो आठवून सांगू लागला. लोधीखेड्याच्या रस्त्याला राहणारा एक म्हातारा शेतकरी रोज यायचा. घरी आता ट्रॅक्टर होता, शेवटचा बैल म्हातारा होऊन गेल्या उन्हाळ्यात गेला होता. त्याच्या कपाळावर पांढरा चांद होता, तसा काढून दे, असं त्याने पेंटरला विनवलं. पेंटरने काढून दिला. आणि काल संध्याकाळी म्हातारा हळद-लोणी घेऊन आला आणि बैलाचा खांदा चोळत बसला.

मी खुर्चीतून उठलोच. मी तिगावकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदशेकणी होते. हळद-लोण्याने खांदा चोळतात आणि कानात सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' एकदा आवतन दिलं की दुसऱ्या दिवशी बैल त्या घरी जेवायला गेलाच पाहिजे.

"तो काही बोलला का रे बैलाच्या कानात?"

"बोलला ना. मले वाटलं, बुढ्याले करमत नसन."

पेंटरला म्हटलं, जा घरी. तो गेला. आम्ही पुन्हा बाजारात आलो. सकाळी मी पेंटरला विचारत असताना हवालदाराने दुकानांची अख्खी ओळ पालथी घातली होती आणि सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. मी पानठेल्यावाल्याला एवढंच विचारलं की इथून एखादा बैल गेला का. तो म्हणाला, गेला ना, आठ वाजता एक बाबाजी दोरी धरून ओढत घेऊन गेले, हार घातलेला होता. मग सकाळी का नाही सांगितलंस? तर म्हणतो कसा, "तुमच्या हवालदारानं चोर इचारला होता. पोळ्याच्या दिवशी बैल नेणाऱ्याले कोन चोर म्हनते?"

शेठला जीपमध्ये घेतलं आणि लोधीखेड्याच्या रस्त्याने निघालो. म्हाताऱ्याच्या अंगणात बैल उभा होता, तोही कडुलिंबाच्या सावलीत. पाठीवर झूल, पुढे पुरणपोळीचं ताट. म्हातारी ओवाळत होती. शेठ तावातावाने पुढे झाले. म्हातारा जागचा हलला नाही. म्हणाला, "आवतन देल्लं होतं शेठजी. उपाशी कसा ठेवाचा? संध्याकाळी तोरनाखाली बैल जमाच्या आंधी आनून देतच होतो."

शेठही शेवटी कास्तकाराचं पोर. त्यांनी चपला काढल्या आणि बैलाच्या पाया पडले. म्हातारीने आम्हा सगळ्यांना ओसरीवर बसवलं. जेवल्याशिवाय ती कोणाला सोडणार नव्हती. तिथेच पुरणाच्या हातांनी शेठ म्हणाले, अर्ज मागे घेतो. मी मनापासून खूश झालो. असा सुखाचा तपास नोकरीत फार थोड्या वेळा झाला असेल.

दुसऱ्या दिवशी लिलाव होता. पेंटरलाही बातमी द्यावी म्हणून मोठ्या तोऱ्यात त्याच्या घरी गेलो. तो आत बसून होता, लिलावाला येणार नाही म्हणाला. त्याची बायको दारात उभी राहिली आणि आवाज न चढवता बोलली,

"साहेब, तुमी नेलं तवा जीपमंदी नेलं, साऱ्या गल्लीनं पाह्यलं. सोडलं तवा पायी सोडलं. थे कोनं पाह्यलं?"

बाईचं खरं होतं. मी ज्याला तपास संपला म्हणत होतो, तो माझ्या रोजनामच्यात संपला होता. या गल्लीत तो माणूस अजून चोरच होता. निर्दोष म्हणून नुसतं सोडून देणं पुरत नाही, जिथून उचललं तिथे नेऊन त्याचं नाव परत द्यावं लागतं. हे कुठल्याही प्रशिक्षणात मला कोणी शिकवलं नव्हतं, तिने शिकवलं. पुढे नोकरी संपेपर्यंत मी तो नियम मोडला नाही.

मी पेंटरला म्हटलं, कपडे बदल, लिलावाला चल. वहिनींनाही घेतलं. त्याला पुढे माझ्या शेजारी बसवलं आणि भर दुपारी जीप पायी चालल्यासारखी हळू हळू गल्लीतून आणि बाजारातून नेली. पानठेल्यावाल्याने वाकून पाहिलं.

"काय साहेब, पेंटरले पुन्हा धरलं का?"

मी जीप थांबवली. आजूबाजूचे चार लोकही थांबले.

"नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "काल माही चूक झाली होती. थे सांगत फिरून राहिलो."