धनराजनं सोपं केलेलं

धनराज गेल्याचं मला सौंसरच्या बसस्टँडवर कळलं, तेही तिसऱ्या दिवशी. मोहगावचा एक ओळखीचा माणूस म्हणाला, "तुमचा दोस्त गेला न भाऊ. कावीळ झालती. तुमाले सांगतलं नाई कोणी?" नव्हतं सांगितलं. कोणी सांगावं असं मी काही शिल्लक ठेवलंच नव्हतं...

शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याचे आईवडील लोकांच्या संत्राबागांत मजुरीला जात. शिष्यवृत्तीवर तो नागपुरात इंजिनिअर झाला आणि तिथल्याच एका लहानशा संगणक कंपनीत आम्ही दोघं लागलो. एका मोठ्या यंत्राला आठ टर्मिनल, म्हणजे आठ जणांचे पडदे-कळफलक, आणि एक प्रिंटर जोडलेला. चालू यंत्रातून कोणी एखादी वायर काढली की सगळं गोठायचं, आठही जणांचं काम बुडायचं. यंत्र चालवणारी मूळ प्रणाली एका विद्यापीठातून टेपवर आलेली. तिचा कोड कोणीही वाचावा, सुधारावा, पुढे द्यावा अशी मोकळीक होती. धनराज ती महिनाभर वाचत बसला. उपकरण चालवणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामात, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, जोडण्या-काढण्याचं तेच लांबलचक काम निरनिराळ्या चुकांसकट लिहिलेलं होतं. त्यानं ते सगळीकडून काढून प्रणालीच्या गाभ्यात एकदाच नीट लिहिलं. ड्रायव्हरकडे दोनच गोष्टी उरल्या: उपकरण आलं तर काय करायचं आणि गेलं तर काय.

"एवढंच?" मी विचारलं.

"हाव. बाकीचं त्याले कायले माहीत पाहिजे?"

मग त्यानं आमच्यासमोर छपाई चालू असताना प्रिंटरची वायर ओढली. आठही टर्मिनल चालूच राहिले. तो चहा पीत राहिला.

तीच प्रणाली वापरणाऱ्या पुण्या-मद्रासच्या लोकांनी मागितलं तसं त्यानं ते काम टेपवर पाठवलं. कंपनीच्या साहेबांनी ती चोरी ठरवली. मला बोलावून एका निवेदनावर सही मागितली की धनराजनं कंपनीचा माल बाहेर दिला. मूळ प्रणालीच सगळ्यांची होती, हे साहेबांना माहीत होतं, मलाही होतं. माझं लग्न ठरलं होतं. मी सही केली. धनराजला काढलं, आणि आठवड्यात त्यानं लिहिलेल्या कोडच्या फाईलच्या माथ्यावरचं त्याचं नाव जाऊन माझं आलं.

जिन्यात तो थांबला. "सही करायच्या आधी वाचलं तरी होतं काय रे?"

"वाचलं होतं."

"मंग ठीक आहे," म्हणाला आणि उतरून गेला.

पुढे तो पांढुर्ण्यात एका दुकानात रेडिओ दुरुस्त करायचा. एकदा बसच्या खिडकीतून दिसला, मान खाली घालून तारांना कथलाचा डाग देत होता. बस दहा मिनिटं थांबली. मी उतरलो नाही.

तो गेल्याचं कळल्यावर तीन आठवड्यांनी मोहगावला गेलो. त्याची बहीण विमल शाळेत शिकवते. तिनं पत्रांचा गठ्ठा समोर ठेवला. अनोळखी इंजिनिअर चार वर्षं त्याला अडचणी विचारत होते, तो दर रविवारी उत्तरं लिहीत होता. वरचं पत्र तो गेल्यावर आलेलं. उपकरण सुरू होत असतानाच वायर निघाली तर आधी काय आवरायचं, असं मद्रासच्या कोणीतरी विचारलं होतं.

"दादा सांगे, त्या कामावर आता तुमचं नाव आहे म्हणून," विमल म्हणाली. "तुमाले तर येत असन. द्या न लिहून उत्तर. तो मानूस वाट पाहून राहिला असन."

मी पत्र तीनदा वाचलं.

"मला नाही येत," मी म्हणालो.

तिनं हात पुढे केला. मी पत्र परत दिलं.