दवाखान्याचं अर्थिंग

माझे बाबा वीज खात्यात लाइनमन होते, आणि विजेला त्यांच्याएवढा घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. घरात साधा बल्ब बदलायचा तरी आधी मेन स्विच बंद, पायात रबरी चप्पल. सोबतचे दोन जण खांबाला चिकटून गेलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे त्यांच्या भीतीला हसायची घरात कोणाची टाप नव्हती. मी तेवढी हसायची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, मला सगळं कळत होतं!

सत्तरचं दशक सरत आलं होतं. बाबांच्या छातीत कळ यायची, डावा हात भरून यायचा. गॅस आहे म्हणत ते ओवा चावत बसायचे. शेवटी आईने जेवण सोडलं, तेव्हा कुठे ते माझ्याबरोबर सायकलरिक्षात बसून सदर भागातल्या डॉक्टरांकडे आले. डॉक्टरांनी हृदयाची पट्टी, म्हणजे कार्डिओग्राम, काढायचं नवं मशीन आणलं होतं.

बाबा बनियन वर करून टेबलावर आडवे झाले आणि हातापायाला तारा लागताहेत म्हटल्यावर ताडकन उठून बसले. मशीनच्या वायरचा माग काढत ते भिंतीपर्यंत गेले. प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कोणीतरी कापून टाकली होती, जुन्या दोन भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून.

"डॉक्टरसाहेब, याले अर्थिंग कुठं आहे? करंट गळला तर जमिनीत जाईन कसा? माह्यातूनच जाईन ना!"

"अहो, हे मशीन करंट देत नाही, फक्त हृदयाची नोंद घेतं."

"घेणारी तार अन् देणारी तार, दिसाले सारखीच असते."

डॉक्टर चिडले. "मला वायरिंग शिकवू नका," म्हणाले. आम्ही तसेच परतलो. रिक्षात मी भांडले.

"काहून हट्ट करून राहिले तुम्ही, बाबा? एवढे लोक पट्टी काढून राहिले ना?"

"त्याईले माहीत नाही, म्हणून झोपतात ते. मी प्लग पाहिला वं. आता कसा झोपू?"

मी तोंड फिरवून बसले.

आई ऐकेना, तेव्हा बाबांनी आपला तोडगा काढला. दवाखान्याचं अर्थिंग ते स्वतः करून देणार आणि मगच टेबलावर झोपणार. डॉक्टरांनी खांदे उडवून होकार दिला. रविवारी दवाखान्याच्या मागे मजुराकडून खड्डा खोदून घेतला, पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वायर आत नेऊन तीन पिनांचा नवा बोर्ड बसवला. मे महिना, जमीन कोरडी ठाक. कोरडी माती करंट ओढत नाही, चार दिवस पाणी मुरल्याशिवाय भरवसा नाही म्हणाले. ते पाणीसुद्धा दुसऱ्याने टाकलेलं चालेना. रोज सकाळी नंदनवनच्या आमच्या घरून सदरपर्यंत सायकल मारत जायचे आणि दोन बादल्या ओतून यायचे. घरी येऊन आईला सांगायचे, "गुरुवारी काढू पट्टी." मलाही बरं वाटायचं. म्हातारा कबूल झाला, एवढ्यावरच मी खूश होते.

बुधवारी सकाळी त्यांनी रिकामी बादली खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. कंपाउंडरला वाटलं, दम खाताहेत. भिंतीच्या पलीकडे मशीन होतं.

तेराव्याच्या आधी डॉक्टर घरी आले. चहाला नको म्हणाले. चपलांकडे बघत हळूच म्हणाले, "ते मशीन बॅटरीवरही चालतं. प्लग काढूनच टाकता आला असता. त्या दिवशी मला राग आला होता, त्यामुळे बोललोच नाही."

मी त्यांना काय बोलणार होते? त्या दिवशी मीही तिथेच उभी होते. बाबांची लाज वाटून डॉक्टरांकडे बघत हसत होते, शिकलेल्या माणसांनी एकमेकांकडे बघून हसावं तशी. यांच्यासाठी दुसरी काही सोय आहे का, एवढं विचारायला माझं काय जात होतं? बाबांनी सरळ प्रश्न विचारला होता. आम्हा दोघा शिकलेल्यांना तो अडाणीपणा वाटला. आता कितीही हळहळलं तरी माणूस परत येत नाही.

डॉक्टर गेल्यावर आईने आतून विचारलं, "काय म्हणत होते वं डॉक्टर?"

"काही नाही," मी म्हटलं. तिच्या मरणापर्यंत मी तिला सांगितलं नाही.