कवचधरचे चोवीस भाग अन् उतरवलेले कव्हर

"हे कोणी लावलं?"

मुकुंदभाऊनं तो जाडजूड बांधलेला गठ्ठा टेबलावर असा आदळला का माह्या हातातली चिपकवाच्या लईची वाटी सांडली. मी पदरानं हात पुसत उभी राह्यली. मालकानं इकडे पाह्यलं नाई का तिकडे पाह्यलं नाई, सीधं माह्याकडे बोट केलं.

"हे सुमननं लावलं."

झालं. 

मी प्रताप नगरात एका बाइंडिंगच्या दुकानात कामाले आहे. देवरावजी मालक. शाळेचे रजिस्टर, वकिलाचे फाटके पुस्तकं, कॉलेजच्या पोट्ट्याइचे गाइड, असं सगळं आमच्याकडे शिवाले येते. माह्यी शाळा सातवीत सुटली. पुढचं वाचणं विहारातल्या ताईनं शिकवलं, तेही लग्न होईपर्यंतच. घरवाला हिंगण्याले कंपनीत, शिफ्टवर. पोरगी आठ महिन्याची, तिले घरी पाहाले कोणी नाई, म्हणून संगंच आणते. मागच्या खोलीत जुन्या लुगड्याचा पाळणा बांधला आहे. असं लेकरू आणू देणारी जागा मले दुसरी भेटली नाई. चार ठिकाणी गेली होती मी. चारही जागी पह्यले लेकराकडे पाह्यलं अन् मंग नाई म्हणलं. म्हणून मालकाचा आवाज थोडा चढला का मी पह्यले पाळण्याकडे पाहते. भेव लागते मले, खोटं काहून सांगू.

मुकुंदभाऊची लायब्ररी दोन गल्ल्या सोडून आहे. कॉमिक्स भाड्यानं देते तो. पोट्टे नेतेच, पण चांगले मिशावाले बाप्येही नेते. सगळ्यात जास्त चालते ते 'कवचधर'. हिंदीत आहे. एका माणसाचा डावा हात जळते, त्या हातावर तो लोखंडी पंजा घालते अन् मंग भिंती फोडते, विमान पकडते, काय काय करते. चोवीस भाग निघाले. सुटे भाग फाटून राह्यले होते, शर्टाखाली दाबून पळवून नेत होते. म्हणून मुकुंदभाऊ म्हणाला का आठ-आठ भागाचे तीन जाड पुस्तकं बांधून द्या.

आता आमचं काम कसं असते ते सांगते, नाई तं पुढचं समजणार नाई. कॉमिकले मधात दोन पिना असते. पह्यले पिना काढाच्या. मंग कव्हर उतरवाचं, कारण ते जाड अन् चकचकीत, त्याच्यावर लई धरत नाई अन् शिवण नीट बसत नाई. आत जे दुमडलेल्या पानाइचं थप्पं राहते त्याले आमी फर्मा म्हणतो. एकावर एक फर्मा बरोबर मागं-पुढं लावणं म्हणजे जुळणी. जुळणी झाली का दोरा, दोरा झाला का लई, मंग पुठ्ठा, मंग कापणी. जुळणी चुकली तं पुढचं सगळं सुंदर होऊनही वाया गेलं.

अन् कवचधरचा नंबर होता फक्त कव्हरवर. कोपऱ्यात पिवळा तारा, ताऱ्यात नंबर. नावही कव्हरवरच. आत काहीच नाई, पह्यल्या पानापासून सीधी मारामारी.

ज्या दिवशी कव्हर उतरवले त्याच दिवशी मुकुंदभाऊ सायकलवर आला अन् चोवीसही कव्हर घेऊन गेला. लायब्ररीच्या दारावर चिपकवाचे होते म्हणे, शोभा येते. मी म्हणलंही, "भाऊ, थांबा ना थोडं, नंबर पाहू द्या." तो म्हणाला, "दार रंगवून राह्यला माणूस, उशीर होते." अन् गेला. भाग तं कपाटातून जसे हाती आले तसे टोपलीत टाकून आणले होते त्यानं, म्हणजे क्रम आधीच गेलेला.

मी मालकाले विचारलं, "कोणतं कोणाच्या मागं लावू?"

"कसेही लाव वं. पोट्टे वाचतेच."

मले कसंही लावता येत नाई. नाई येत. माह्या हातून रजिस्टरचं एक पान उलटं गेलं तं मले जेवण जात नाई. मंग मी चोवीसही भाग वाचले. हिंदी अक्षराले बोट लावून-लावून, लेकरू मांडीवर, एका हातानं तिच्या तोंडातला कागद काढत. तीन दिवस लागले. ज्याच्यात हात जळलेला नाई ते आधी. ज्याच्यात पंजा आहे ते मंग. त्याच्या बहिणीच्या दोन वेण्या असल्या तं आधी, साडी असली तं मागून. कुत्रा लंगडत नसला तं आधी, लंगडत असला तं मंग. एका भागात कवचधर बारा वर्षाचा पोरगा आहे, चित्रकलेच्या मास्तरच्या हातचा मार खाते. तो मी सगळ्यात पह्यले लावला. आता सांगा, बारा वर्षाचा पोरगा पह्यले येईन का शेवटी?

तं ज्या दिवशी तो गठ्ठा आदळला त्या दिवशी मुकुंदभाऊसंगं दोघं जण आले होते. एक तिजारेसाहेब. खापरखेड्याच्या पावर हाउसात इंजिनियर, सुट्टी असली का मोटरसायकलवर एवढ्या दूरून कॉमिक्ससाठी येते. दुसरा प्रमोद, कॉलेजचा पोट्टा, त्याले चोवीसही भाग तोंडपाठ.

तिजारेसाहेब पुस्तक उघडून माह्यासमोर नाचवत होते. "सतरावा भाग पह्यले! अवो बाई, सतरावा! तो दुष्ट डॉक्टर काळोख म्हणजे कवचधरचा शाळेतला मास्तर आहे, हे सोळा भाग कोणाले माहीत नव्हतं. तुमी पह्यल्याच पानावर सांगून टाकलं!"

प्रमोद म्हणाला, "पण साहेब, बाईचं बरोबर आहे ना. त्याच्यात तो लहान आहे."

"लहान आहे म्हणून काय झालं? लेखकानं तो सतराव्यात काढला, तं सतराव्यातच वाचाचा."

"तुमाले लेखकाचं सगळंच बरोबर वाटते. अकराव्यात पंजा उजव्या हातात आहे, तेही बरोबर!"

"बरोबरच आहे. अकराव्यात तो आरशात दिसून राह्यला."

"आठ पानं आरशात? घोड्यावर बसून आरशात, साहेब?"

"चित्र काढणाऱ्याची काही कल्पना असन!"

"काढणारा चुकला, अन् तुमी आरसा लावून राह्यले."

दोघंही असे भांडून राह्यले का जशी वडिलाइच्या जमिनीची वाटणी चालू आहे. मुकुंदभाऊ मधात ओरडे, माह्ये गिऱ्हाईक पुस्तकं वापस करून राह्यले म्हणे. पोरगी जागी झाली, रडाले लागली. अन् मालकानं, ज्यानं स्वतःच्या तोंडानं मले कसेही लाव म्हणलं होतं, त्यानं मुकुंदभाऊच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणलं, "मी सांगत होतो हिले, नीट विचारून लाव. आता हिचं ध्यान लेकरात. जाऊ द्या, उद्यापासून दुसरी बाई पाहतो."

माह्या कानात शिट्टी वाजली. सांगत होतो म्हणे! माह्यासमोर! पोरगी कडेवर घेतली. अन् तोंडातून निघालंच.

"मालक, तुमी कसेही लाव म्हणलं होतं."

 मी तं आधीच बरबाद झाली होती, मंग म्हणलं होऊन जाऊ दे.

"अन् मुकुंदभाऊ, नंबर होता कव्हरवर. मी थांबा म्हणलं तरी कव्हर तुमी नेले. मी कायच्यावरून लावाचं होतं? वासावरून? साहेब, तुमाले सतरावा सतराव्या जागी पाहिजे, तं हाव, त्यात दम आहे. चोर आधीच सांगतला तं वाचणाऱ्याची मजा जाते, हे मले आत्ता समजलं. मी उसवते. सगळं उसवून पुन्हा लावते. पण नंबर दाखवा."

तिजारेसाहेबानं पुस्तक खाली ठेवलं. "एवढंच ना? चला दारावर."

गेलो सगळे. मालक पुढं, मी मागं, लेकरू कडेवर. लायब्ररीच्या दोन्ही दारावर कवचधरच कवचधर, झकास दिसून राह्यले होते. मी जवळ जाऊन पाह्यलं. पिवळा तारा एकाही कव्हरवर नाई. चारही कोपरे कैचीनं गोल कापलेले.

"मुकुंदभाऊ, तारे कुठी गेले?"

त्यानं डोकं खाजवलं. "ते बरं नव्हतं दिसत ना वं. किराणा दुकानाच्या पाटीवानी वाटे."

इतका संताप आला मले! चोवीस नंबर ह्यानं कैचीनं कापून झाडून फेकले, अन् नोकरी माह्यी चालली होती.

प्रमोद म्हणाला, काही फिकर नाई, आमाले पाठ आहे. दोघं लायब्ररीच्या बाकड्यावर बसले. एकानं एक कागद घेतला, दुसऱ्यानं दुसरा. लिहून झाल्यावर कागद जवळ ठेवले तं सहा जागी फरक. पाण्याखालची मारामारी तिजारेसाहेबाच्या मते आठवी, प्रमोदच्या मते बारावी. झालं, पुन्हा सुरू.

"बारावी असूच शकत नाई. नवव्या भागात कुत्रा मेला, अन् पाण्याखालच्यात जिवंत आहे. म्हणजे ते नवव्याच्या आधीचं."

"नवव्यातला कुत्रा वेगळा होता, साहेब. हा दुसरा आहे, मंग पाळला त्यानं."

"दुसरा कायचा? रंग सेम!"

मी बोलणार नव्हती. "तोच आहे," मी म्हणलं. "दोन्हीत त्याचा उजवा कान मधातून फाटला आहे. अन् नवव्यात तो मरत नाई, पुलावरून पडते. मेलेला कोणीच दाखवला नाई."

दोघंही माह्याकडे पाहाले लागले. प्रमोद पळत जाऊन आमच्या दुकानातून पुस्तकं घेऊन आला, पानं चाळली. कान फाटकाच होता. तिजारेसाहेबानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला अन् पुन्हा पाह्यलं.

"बाई, तुमी किती वर्षापासून वाचता?"

"तीन दिवस."

त्यावर प्रमोद असा हसला का बाकडं हाललं. मले नाई हसू आलं. मले फक्त हे समजाले पाहिजे होतं का उद्या सकाळी लुगड्याचा पाळणा त्याच खुंटीले राहीन का नाई.

मी मालकाले ऐकू जाईन असं म्हणलं, "दोघाइनं एकाच चिठ्ठीवर एक ते चोवीस लिहा अन् खाली दोघंही सही करा. सही झाली का मी त्याच दिवशी उसवते. पण एकदाच. कागद पातळ आहे, सुईचे भोकं पडलेले आहे, दुसऱ्यांदा उसवलं तं पानं दोऱ्यातून निघून येईन. मंग कवचधर सुटाच."

मुकुंदभाऊ दोघाइकडे पाहाले लागला. "करा ना गा सही!"

"ह्यानं आधी पाण्याखालची मारामारी आठवी मान्य करावी," तिजारेसाहेब म्हणाले.

"साहेबानं आधी आरसा सोडावा," प्रमोद म्हणाला.

मालक बाजूले उभे होते.  आता चोवीसही भाग पाठ असलेले दोन माणसं जे जमवू शकले नाई ते माह्याकून जमलं नाई असं कोण्या तोंडानं सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी गेली. भेत-भेतच गेली, पोरगीले घट्ट धरून. पाळणा जागेवर होता. मालकानं वर पाह्यलं नाई, शाळेचे रजिस्टरं पुढं सरकवले अन् म्हणलं, "हे संध्याकाळपर्यंत पाह्यजे." चुकलं म्हणे असा एक शब्द नाई. आजपर्यंत नाई. मले वाटे एकदा तरी म्हणन. नाई म्हणत हे लोक.

चिठ्ठी अजून आली नाई. पोरगी आता भिंत धरून चालाले लागली. कवचधरचे तिन्ही पुस्तकं मी शिवले तसेच भाड्यानं जाते, अन् मुकुंदभाऊ सांगते का नवीन पोट्टे त्याच क्रमानं वाचते अन् कोणाची काही तक्रार नाई. तिजारेसाहेब मात्र येऊन प्रत्येक पोट्ट्याले समजावते का बाबू, पह्यला भाग सोळा भाग झाल्यावर वाच.

त्या दिवसापासून मी एक केलं. कोणतंही पुस्तक आलं का कव्हर उतरवता-उतरवताच दर फर्म्याच्या पाठीवर पेन्सिलीनं नंबर टाकते. बारीक, शिवणीत लपून जाईन असा. मालक म्हणते, कायले येळ घालवतं. मी आयकून घेते अन् टाकते. तुमचं कोणाचं पुस्तक बांधाले द्याचं असन तं तुमीही तेच करा. कव्हर उतरल्यावर सगळे फर्मे सारखेच दिसते, अन् कव्हर नेणारा तिथं राहत नाई.