खंडेनवमीला वाजलेला फोन

माझ्या बहिणीच्या घरात बंदूक कधीच नव्हती. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावड्याच्या अलीकडे आत वळलं की तिचं गाव लागतं. घरात नांगर होता, कोयते, कुऱ्हाड, पहार आणि भात कापायचे विळे होते. रानडुकरं शेतात उतरली तर दाजी फटाके लावत, नाहीतर पत्र्याचा डबा बडवत. बंदूक त्या घरात आली ती मोबाइलमधून, आणि ती माझ्या भाच्यानं आणली.

तेव्हा तो कॉलेजात जायला लागला होता आणि त्याची धाकटी बहीण गावच्या शाळेत होती. घरात रेंज फक्त ओटीवर मिळायची, तीही एका खांबापाशी. दोघं त्या खांबाला पाठ लावून बसत. त्याच्या हातात त्याचा फोन, तिच्या हातात वडिलांचा. खेळ जोडीनं खेळायचा होता. विमानातून एका बेटावर उडी मारायची, रिकाम्या घरांतून बंदुका शोधायच्या, समोर दिसेल त्याला मारायचं. शेवटी जी जोडी उरेल ती जिंकली. मी पाहुणा म्हणून गेलो की ओटीवरून हा संवाद ऐकू यायचा.

“दादा, मागं हाय, मागं!”

“तू खाली बस गो. मोरासारखी उभी काय राह्यलीस?”

“माझ्या गोळ्या संपल्या.”

“घे माझ्यातल्या. सगळ्या नको घेऊ, भिकारडे.”

ताई आतून ओरडायची, “आधी जेवून घ्या, मंग मरा काय मरायचं ते.”

मी वर्तमानपत्रात काम करायचो. मुलं आणि बंदुकीचे खेळ हा विषय आमच्या टेबलावर वरचेवर यायचा. शहरात कुठं काही घडलं की एका मानसोपचारतज्ज्ञाला फोन, एका शाळेला फोन, दोन पालकांची वाक्यं, आणि बातमी तयार. डॉक्टर काळजीनं बोलत आणि त्यांची काळजी खरी असे. बहिणीच्या गावात मला त्यांचं म्हणणं पटेल असंही दिसलं. शेजारचा एक लहानगा खळ्यात कुत्र्याच्या पिल्लावर काठी रोखून ‘हेडशॉट’ म्हणायचा, आणि पिल्लू केकाटत पळालं की हसायचा. त्याच्या आईनं त्याला धपाटा घातला. दुसऱ्या दिवशी त्यानं नवी काठी आणली.

त्याच खळ्यात दुसरंही काही दिसायचं, आणि बातमीत त्याला जागा नसे. त्या खेळात गोळी लागलेला लगेच मरत नाही. तो गुडघ्यांवर येतो, आणि जोडीदार वेळेत पोहोचला तर त्याला उठवू शकतो. खळ्यात काठ्या घेऊन तोच खेळ खेळणाऱ्या पोरांची सगळ्यात मोठी भांडणं यावरून होत. कुणी कुणाला मारलं हे ती पटकन विसरत. “मी पडलेला व्हतो, तू उचलायला आला नाय,” हे मात्र दिवाळीपर्यंत लक्षात ठेवत.

बारावीनंतर भाचा शहापूरला भरतीच्या अकॅडमीत राहायला गेला. तिथं कवायतीला लाकडाच्या बंदुका होत्या. पहाटे हायवेच्या कडेनं धावायचं, मग लाकडी बंदूक खांद्यावर घेऊन मैदानात फिरायचं. तालुक्यातली निम्मी तरणी पोरं पोलीस नाहीतर फौज, या दोन दारांपुढं उभी असतात; तिसरं दार म्हणजे कारखान्यातली कंत्राटी पाळी. भाच्याची निवड झाली तेव्हा गावात लोक म्हणाले, “गेम खेळून खेळून फौजेत गेला.” मी त्याला धावताना पाहिलं होतं. तो पायांच्या जोरावर गेला.

जाताना त्यानं आपला फोन बहिणीला दिला. पुढं त्यानं दुसरा घेतला, पण प्रशिक्षण केंद्रात फोन जमा करावे लागत. रविवारी थोडा वेळ हातात मिळत. त्या वेळात तो बहिणीच्या फोनवर बोलायचा आणि सगळं घर खांबापाशी जमायचं. एकदा मीही तिथं होतो.

“बंदूक दिली का रं?” दाजींनी विचारलं.

“दिली. पण आधी नुसती उघडायची, पुसायची, परत जोडायची. रोज तेच. मामा, गेममधला हात हितं काय उपेगाचा नाय. जड असते, खांदा सुजतो.”

“आणि गोळ्या?” भाचीनं विचारलं.

“मोजून. उडवल्यावर रिकाम्या पुंगळ्यापण गोळा करून परत द्यायच्या. परवा एक गवतात हरवली. अख्खी तुकडी गुडघ्यावर बसून शोधत व्हती.”

“आपल्या गेमात तर कुणी विचारत नाय.”

“म्हणून तर तिकडं तू एवढ्या वाया घालवतेस.”

ती हसली आणि लगेच म्हणाली, “कधी खेळायचं मग?”

हा प्रश्न ती दर रविवारी विचारायची, असं ताईनं मला सांगितलं. वेळ कधीच पुरायचा नाही. आईला तो जेवला का ते हवं असायचं, वडिलांना साहेब कसा आहे ते. शेवटी फोन बहिणीकडं यायचा तेव्हा तिकडं शिटी झालेली असायची. पाऊस ओसरला तसं प्रशिक्षण संपत आलं. नेमणूक वर उत्तरेत कुठंतरी होणार, तिथं नेटवर्कचा भरवसा नाही, असं त्यानं कळवलं. बहिणीला मात्र शब्द दिला. जाण्याआधी एक मॅच, जोडीनं. त्यानंतर ती फोनची बॅटरी अर्ध्याखाली उतरू देत नसे.

मी दसऱ्याला गेलो होतो. आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी गावात अवजारांची पूजा असते. नांगराचा फाळ, कोयते, कुऱ्हाड, विळे, सगळं धुऊन ओटीवर मांडतात, हळदकुंकू वाहतात. पूजेत मांडलेल्या अवजाराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. त्या दिवशी कुणी गवताची काडीसुद्धा कापत नाही. लवकर येणारं हळवं भात पिकून उभं होतं, तरी विळे पाटावर होते.

सगळं मांडून झाल्यावर ताईनं भाचीकडं हात पुढं केला.

“त्याचा फोन दे.”

“कशाला?”

“पूजेत ठेवायचा.”

“आये, फोनची कोण पूजा करतं?”

“त्याची बंदूक सरकारची. तिची पूजा सरकार करील. ह्या घरात त्यानं जी चालवली ती ह्याच्यात हाय.”

भाचीनं माझ्याकडं पाहिलं. रविवार लांब होता, फोन यायचा दिवस नव्हता. तिनं फोन दिला. ताईनं तो ओल्या फडक्यानं पुसला, विळे पुसले होते त्याच फडक्यानं, तेव्हा मात्र भाची ओरडली. कुऱ्हाड आणि कोयता यांच्या मधे फोन ठेवला गेला. काचेवर हळदकुंकवाची बोटं उमटली, वर झेंडूचं एक फूल. खांब जवळच होता. फुलं कमी पडली म्हणून दाजी आणखी झेंडू आणायला टोकावड्याच्या बाजारात गेले.

ते गेल्यावर फोन वाजला.

फूल थरथरून खाली पडलं. कुंकवाच्या बोटांमागं ‘दादा’ ही अक्षरं दिसत होती. नंतर लक्षात आलं की तिकडंही त्या दिवशी शस्त्रपूजा होती, बंदुका पूजेत होत्या, आणि पोरांना सुट्टी देऊन फोन हातात दिले होते. भाची पाटाकडं धावली.

“हात लावू नको,” ताई म्हणाली.

“आये, दादा हाय.”

“दिसतंय मला. हात लावू नको. आज उचललंस तर त्याचं हत्यार त्याच्यावर उलटंल.”

“फोन हाय तो!”

“ठेवला तेवा काय व्हतं? ठेवला तेवा हत्यार आणि उचलायला फोन?”

भाची माझ्याकडं वळली. “मामा, तू सांग ना.”

मी म्हणालो, “ताई, फोनच आहे तो.”

“तुमच्याकडं असंल. बारा महिने बाहेर राहणार हाय तो. काय झालं तर तू येशील सांगायला?”

ताईचे ओठ हलत होते. ज्या आवाजासाठी ती स्वतः आठवडाभर थांबायची तो तिच्यापासून हातभर अंतरावर वाजत होता आणि ती पदर तोंडाशी धरून उभी होती. तिच्या मुलीला फोन हिसकावता आला असता. हात पाटापर्यंत गेलाही. मग तिनं तो मागं घेतला. ‘उलटंल’ हा शब्द तिच्याही कानात शिरला होता.

रिंग थांबली. काच पुन्हा उजळली. भाची गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात पाठीमागं धरले आणि फोनवर वाकली. खेळातून बोलावणं आलं होतं. खाली त्याचा निरोप होता, तिनं तो मोठ्यानं वाचला.

“‘चल. टाइम कमी आहे.’”

मी माझा फोन काढला. माझ्या कंपनीची रेंज गावात फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. आम्ही दोघं चढावरून पळत गेलो. तिला भावाचा नंबर पाठ होता. टाकीच्या कठड्याला टेकून तिनं लावला, तर तो दुसऱ्या फोनवर बोलत होता. पुन्हा लावला, तेच. त्यानंतर फोन बंद झाल्याचं एक बाई हिंदीत सांगू लागली. भाचीनं त्या बाईचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि फोन मला परत दिला.

आम्ही खाली आलो तेव्हा ती पुन्हा पाटापुढं बसली. काचेवर आणखी एक निरोप येऊन थांबला होता, ‘कुठं आहेस’. प्रश्नचिन्ह नव्हतं.

दाजी झेंडू घेऊन आले ते आनंदात. बहिणीनं उचलला नाही म्हणून पोरानं त्यांना फोन केला होता. फुलवाल्यांच्या गर्दीत, एका कानावर हात ठेवून ते बोलले होते.

“बरा हाय. पोस्टिंग आलं. रविवारी गाडीत बसणार. आधी सुट्टी नाय, दिवाळीलापण येत नाय.”

“जेवतो का?” ताईनं विचारलं.

“जेवतो. आज गोड व्हतं त्यांच्यात.”

“अजून?”

“हिला विचारत व्हता. मी म्हटलं असंल कुठं तरी खेळत.”

भाची म्हणाली, “असं सांगितलं तुमी?”

“मंग काय सांगू? मी बोललो ना सगळं त्याच्याशी. तुला काय सांगायचं व्हतं ते मला सांग, पुढच्या टायमाला सांगतो.”

“मला काय सांगायचं नव्हतं. मला खेळायचं व्हतं.”

दाजींनी झेंडूची पिशवी खाली ठेवली. काय बिघडलं ते त्यांना कळेना. ताई आत गेली. चुलीपाशी तिचं नाक ओढणं ओटीवर ऐकू येत होतं.

दसऱ्याच्या सकाळी ताईनं पाटावर पाणी शिंपडलं आणि सगळ्यांत आधी फोन उचलला. दोन्ही हातांनी लेकीला दिला. भाचीनं काच पुसली नाही, फोन उघडलाही नाही. तो बाजूला ठेवून ती दाराला बांधायच्या भाताच्या लोंब्या निवडत बसली. दाजी विळे घेऊन शेतावर गेले.

बराच वेळ गेल्यावर ताई तिच्याजवळ येऊन बसली.

“काल तो त्यात आला व्हता?”

“हो.”

“त्यात म्हंजे कुठं?”

“त्यात म्हंजे त्यात. आपण गेलो की तो तिथं उभा असतो.”

“आता असंल?”

“आता नाय. फोन जमा झाला असंल. पण बघता येतो.”

“दाखव.”

भाचीनं फोन उघडला. ओळखीच्या खेळाडूंच्या यादीत तिनं भावाच्या नावावर बोट ठेवलं. काळ्या मोकळ्या जागेत एक उंच तरुण उभा राहिला. पाठीवर बंदूक, अंगात खेळ सगळ्यांनाच देतो तो साधा शर्ट, पाठमोरा. तो श्वास घेतल्यासारखा हलत होता आणि मधूनच एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होता. ताईनं चष्मा आणवला आणि फोन डोळ्यांशी धरला.

“हा?”

“हा.”

ती पुष्कळ वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “वाळलाय गो.”

“आये, तो खरा नाय.”

“म्हाईत हाय मला.” काचेवरचं कुंकू तिनं पदरानं हलकेच टिपलं. “तिकडं तोंड करून का उभा राह्यलाय?”

“फिरवायचा असतो. बोट लाव.”

ताईनं बोट लावलं. तो गर्रकन फिरला, समोर आला आणि पुन्हा पाठमोरा झाला.

“हळू,” भाची म्हणाली. ती आईच्या खांद्यावर हनुवटी टेकून पाहू लागली. “असं नाय. थोडं थोडं.”

दुसऱ्या खेपेला तो सावकाश वळला. आधी खांदा, मग कान, मग चेहरा. तो माझ्या भाच्यासारखा अजिबात नव्हता. ताई थांबली.

“आता बोट काढ आये. तो तसाच राहतो.”

ताईनं मान हलवली, पण बोट काढलं नाही.