खामसायमामाचा पांढरा रेडा

आमच्या लाओसच्या डोंगरात खामसायमामासारखा हट्टी माणूस शोधून सापडायचा नाही. एकोणसत्तर साली सारं गाव गुहेत राहायला गेलं होतं. लढाई चालू होती; वरून शत्रूची बॉम्ब टाकणारी विमानं यायची, खाली हललं ते मारायची. लोकांनी पांढऱ्या कोंबड्या कापून खाल्ल्या, कपडे काळे रंगवले. मामाचा रेडा मात्र पांढराफटक! मामा रोज पहाटे त्याला चिखल फासायचा अन् तो पठ्ठ्या ओढ्यात लोळून नवरदेवासारखा उजळून यायचा. हसून हसून आमची पोटं दुखायची.

वाटेनं जाणारा एक शिपाई एकदा म्हणाला, "मामा, रेडा शेत नांगरतो, तो भात आम्ही खातो. म्हणजे विमानवाल्याच्या लेखी रेडाही शिपाईच."

"अगं बाई! मग मी तर सुभेदार. मी शिजवते की!" मामी म्हणाली.

शिपाई हसला नाही. "होय मामी. तसंच धरतात ते."

नांगरणी आटोपली की आमच्यात रेड्याला न्हाऊ घालतात, शिंगांना सुती दोरा बांधतात आणि मारलेल्या काठ्यांची माफी मागतात. नाहीतर त्याचा जीव रानातच भटकत राहतो.

"औंदा चिखलातच बांधा दोरा," मामी म्हणाली.

"मळक्या अंगात जीव परतेल होय? तू तरी आली असतीस का?" मामा म्हणाला. "धुकं आहे तोवर उरकतो."

त्या दिवशी धुकं लवकर फाटलं. ओढ्यात रेडा धुऊन लख्ख झाला होता, आणि विमान आलं.

गुहा पन्नास पावलांवर. आत आम्ही तीस जण. बाहेर सापडलेल्यानं गुहेकडे धावायचं नाही, नाहीतर वरच्याला तिचं तोंड दिसतं. हा नियम मामानंच घातलेला. तो वेसण धरून रेड्याला उलट दिशेला ओढू लागला. रेडा पाण्यात बसला तो बसलाच.

"अहो, या इक..." मामी ओरडली, आणि स्वतःच्याच हातानं तिनं तोंड दाबलं.

विमानानं दोन घिरट्या घातल्या. मामानं ओढणं सोडलं. कमरेला खोचलेला सुती दोरा काढून तो शिंगाला बांधू लागला. ओठ हलत होते. काय म्हणत होता, ते ऐकू आलं नाही.

मग माती उडाली.

दिवसभर आळीपाळीनं विमानं तिथंच फिरत राहिली. दिवस मावळेपर्यंत आम्हाला बाहेर पाऊल टाकता आलं नाही. मामी मामाच्या वाट्याच्या भाताची टोपली मांडीवर घेऊन गुहेच्या तोंडाशी बसली होती. दोघांनी तिचे खांदे धरून ठेवले होते. त्यातला एक मी.