सातवी गाडी

गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करणाऱ्या डेंटरकाकांच्या दोन फुशारक्या अख्ख्या बाजाराला पाठ होत्या. पहिली ही, की ठोकलेली गाडी कितीही लपवून आणा, मी डोळे मिटून सांगेन कुठे ठोकलीय. दुसरी ही, की माझ्या हातून गेलेली गाडी कधी ठोकलेली होती हे कुणाचा बाप ओळखणार नाही. तीस वर्षं या दोन फुशारक्या एका घरात सुखाने नांदल्या. एकमेकींच्या समोर त्या कधी आल्याच नव्हत्या ना. आल्या त्या जावयाच्या गाडीपायी.

जावई शाळेत गणित शिकवणारा. माणूस सरळ, पण चप्पल घ्यायची तरी चार दुकानं पालथी घालणारा. घरात दोन लहान मुलं, गुडघ्यांनी जेरीस आलेली आई, आणि जुनी छोटी गाडी इतकी बसकी की आईला तिच्यातून उपसून काढायला दोघं लागायचे. उंच गाडी हवी होती, एसयूव्ही. नवीचा भाव ऐकूनच सगळे गप्प झाले, तेव्हा वापरलेली घ्यायची ठरलं. जावयाने मोबाइलवर तक्ता मांडला. एअरबॅग किती, डिकी केवढी, मायलेज काय, सीटची उंची आईला जमते का. आणि शेवटच्या रकान्यावर लिहिलं, 'मामांचा हात'. मामा म्हणजे सासरे, म्हणजे आपले डेंटरकाका. त्या रकान्यात फुली पडली की बाकी कितीही छान असो, गाडी बाद.

काकांना त्या रकान्याचं कोण कौतुक! बायकोला त्यांनी तो तीनदा ऐकवला. चौथ्यांदा ती उठून आत गेली.

सहा गाड्या काकांनी बाद केल्या. आधी पत्र्यावरून हात फिरवायचा, मग लोहचुंबक लावायचं, आणि शेवटी दाराच्या चौकटीवरचं रबर उपटून आतला पत्रा बघायचा. कारखान्यातले मूळचे जोड तिथे उघडे असतात, तिथे कुणाची लबाडी चालत नाही. एकीच्या छताला चुंबक चिकटेना, पोचे बुजवायला भरलेली बोटभर पुट्टी निघाली, एकीच्या सीटखाली पुराचा गाळ. विकणारे काकांना लांबून येताना पाहिलं की चहा प्यायला निघून जायला लागले.

सातवी गाडी राखाडी होती. जावयाचा तक्ता पहिल्या रकान्यापासून हिरवागार, आई तर आपली आपण चढून पुढच्या सीटवर बसली आणि उतरायलाच तयार होईना. काकांनी हात फिरवला. बोट कुठे अडखळलं नाही. चुंबक सगळीकडे घट्ट चिकटलं. दारांच्या फटी सगळीकडे सारख्या. असा सफाईदार पत्रा त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. हात इतका खूश झाला, की रबर उपटायची त्यांना गरजच वाटली नाही. "डोळे झाकून घ्या," ते म्हणाले, आणि जावयाने खरंच तसं केलं.

दोन महिने गाडीने घरादाराला सुख दिलं. मग शाळेला सुट्टी लागली आणि सगळ्यांचं डोंगरात चार दिवस जायचं ठरलं. निघायच्या सकाळी गाडी सामानसुमानासकट काकांच्या वर्कशॉपसमोर येऊन उभी राहिली. लेकीचं म्हणणं, वेग वाढला की डावीकडच्या मागच्या दारापाशी शीळ वाजते. काका हसले. रबर सैल झालं असेल, पाच मिनिटांचं काम. मुलं अंगणात पळापळी करत होती, विहीणबाई पुढच्या सीटवर बसूनच होत्या, जावई टायरमधली हवा बघत होता. काकांनी दार उघडलं आणि दोन दारांच्या मधल्या खांबावरचं रबर खाली ओढलं.

आत तीन ठिपके होते. एका रेषेत, पत्र्यात ठोकलेले.

काकांनी त्यांवर बोट ठेवलं. ते ठिपके त्यांचेच होते. उद्या कुणी भांडायला आलं तर आपलं काम आपल्याला ओळखता यावं म्हणून ते प्रत्येक मोठ्या कामात आतल्या अंगाला असे तीन ठिपके ठोकून ठेवायचे. ठिपक्यांखालचा वेल्डिंगचा जोड दिसला आणि सगळं आठवलं. आठ वर्षं झाली असतील. ट्रकने बाजूने चेपलेली गाडी. हा खांब आत वाकलेला. तो मुळापासून बदलायला हवा होता, कारण बाजूने धडक बसली की आतल्या माणसांना वाचवणारं तेवढंच एक असतं. पण गाडी आणणाऱ्या गॅरेजवाल्याला घाई होती. काकांनी खांब ओढून कसाबसा सरळ केला, फाटलं तिथे पट्टी जोडली, आणि वरचा पत्रा मात्र असा घडवला की बघत राहावं. हे टिकेल ना, असं तेव्हा काकांनी विचारलं होतं. गॅरेजवाला म्हणाला होता, ती काय आपल्या घरची गाडी आहे? आणि काका हसले होते. हसले होते, हेच आता त्यांना सहन होईना.

सहा परक्या गाड्यांची रबरं उपटली, आणि आपल्याच हातावर भाळून सातवीचं सोडलं. याला काय म्हणायचं? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

"बाबा, झालं का?" लेकीने विचारलं.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. रबर दाबलं की संपलं. गाडी दोन महिने चाललीच होती, आधी आठ वर्षं चालली होती. चार दिवसांनी परत आली की काहीतरी निमित्त काढून ठेवून घेता येईल, गुपचूप खांब बदलता येईल. जावयाच्या तक्त्यातला तो रकाना तसाच राहील. विहीणबाईंसमोर मान खाली जाणार नाही. अंगठ्याने त्यांनी रबर वरपासून खालपर्यंत दाबत आणलं.

"झालं," ते म्हणाले.

लेकीने मुलांना आत बसवलं. धाकटी डावीकडे. पोरीने पट्टा लावून घेतला, आणि सवयीने आपला बूट समोरच्या खांबाला टेकवला. नेमका त्या रबरावर, ठिपक्यांच्या जागी. जावयाने गाडी सुरू केली. काका दाराला हात लावून उभेच होते. दार लावायचं सोडून ते त्या बुटाकडे बघत होते.

"गाडी बंद करा," ते म्हणाले. "उतरा सगळे."

जावयाला वाटलं, काकांना चक्कर आली. तो धावत वळसा घालून आला. काकांनी रबर पुन्हा खाली ओढलं, जोड दाखवला, आणि हा खांब आतून कसा कच्चा राहिलाय ते काही न लपवता सांगितलं. जावई वाकून बराच वेळ बघत राहिला.

"एवढं फसवं काम कोणी केलं असेल, मामा?"

"मी."

विहीणबाई आपला गुडघा धरून, कुणाची मदत न मागता खाली उतरल्या. लेक मात्र जागची हलली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही आत्ता झालं म्हणाला होतात."

आठ वर्षांपूर्वीचं एकवेळ माफ झालं असतं. हे दोन मिनिटांपूर्वीचं होतं.

डोंगरातली सहल राहिली. काकांनी बाकीची सगळी कामं बाजूला ठेवली. खांब मुळापासून कापला, नवाकोरा अस्सल आणला, आणि पंधरा दिवस त्यात घातले. या खेपेला ठिपके ठोकले नाहीत. मग आपणहून गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डेंटरकडे नेली. त्याला ते वर्षानुवर्षं पुट्टीवाला म्हणून हिणवत आले होते. जावयालाही तिथेच बोलावलं. पुट्टीवाल्याने मनात काय म्हटलं असेल ते त्याचं त्याला ठाऊक. त्याने पत्र्यावरून हात फिरवला, टिचकी मारली, चुंबक लावलं, आणि मान डोलावली.

"डोळे झाकून न्या," तो म्हणाला.

जावई खाली बसला आणि बोट घालून त्याने खांबावरचं रबर स्वतः ओढायला सुरुवात केली. काकांनी दार धरून ठेवलं आणि मोबाइलची बॅटरी लावून त्याला उजेड दाखवला.